अडगळ कोणती?

लहान घरात सुखाने कसे राहावे याचे एक नवे शास्त्र गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बोकाळले आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत, दूरचित्रवाणीवर आणि आता हातातल्या फोनवरही त्याचे उपाध्याय अहोरात्र प्रवचने देत असतात. प्रवचनाचे सार एका क्रियापदात सांगता येते : टाका. जुने टाका, दोन असतील त्यांतले एक टाका, वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते डोळे मिटून टाका. मग म्हणे दोन खोल्यांची सदनिका महालासारखी मोकळी होते. या उपदेशाबरहुकूम घरे आवरली जाताना आम्ही बडोद्यात पाहत आहो, आणि त्यात काय काय बाहेर पडते याचा क्रमही आम्हांला आता पाठ झाला आहे. आधी पुस्तके जातात. मग आजीची पत्र्याची ट्रंक जाते. मग तांब्यापितळेची भांडी मोडीत निघतात. आणि शेवटी, यादीत त्याचे नाव कोणी लिहीत नसले तरी, पाहुणा जातो. आमचे भांडण टाकण्याशी नाही. टाकण्याच्या या क्रमाशी आहे.

घरात अडगळ झाली आहे, हे आम्हांला मान्यच आहे. परंतु ती माळ्यावर नाही, कोपऱ्यातल्या पुस्तकांच्या फळीवर नाही आणि पलंगाखालच्या ट्रंकेतही नाही. ती खोलीच्या मधोमध, येणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडेल अशी मांडून ठेवलेली आहे. तिच्यासाठी दरमहा हप्ते भरले जात आहेत. आणि तिला आपण फर्निचर म्हणतो.

हे विधान कोणाला एकांगी वाटेल, म्हणून थोडा हिशेब मांडतो. राष्ट्रीय इमारत संहितेने राहण्याच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर धरले आहे. म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट. शहरांतल्या असंख्य सदनिकांत निजण्याची खोली याच्याच आसपास, फार तर दहा बाय अकरा फुटांची असते. तीत आपण सहा बाय साडेसहा फुटांचा दुहेरी पलंग आणून ठेवतो. त्याने ३९ चौरस फूट, म्हणजे खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जमीन व्यापली. उरतात त्या पलंगाच्या कडेच्या दोन-दोन फुटांच्या गल्ल्या. त्यांत कपाटाचे दार पुरते उघडत नाही आणि दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला पलंगावर बसून दुसऱ्याला वाट द्यावी लागते. हा पलंग रात्री सात-आठ तास उपयोगी पडतो. उरलेले सोळा तास त्यावर वाळलेले कपडे घडीची वाट पाहत पडलेले असतात.

बाहेरच्या खोलीची कथा याहून वेगळी नाही. दहा बाय बारा फुटांच्या या खोलीला आपण हौसेने 'हॉल' म्हणतो. ज्या शब्दाने सभागृहाचा बोध व्हावा तो शब्द १२० चौरस फुटांना लावण्याचे धैर्य बांधकाम-व्यावसायिकांनी दाखवले आणि आपण ते निमूटपणे स्वीकारले. या हॉलात तिघांचा एक आणि एकेकट्याचे दोन असा सोफासेट येतो. सात बाय तीन आणि तीन बाय तीनचे दोन, असे ३९ चौरस फूट येथेही गेलेच. त्याच्यापुढे काचेचे बुटके टेबल, ज्यावर ताट ठेवून जेवता येत नाही आणि कागद ठेवून लिहिता येत नाही. समोरच्या भिंतीशी दूरचित्रवाणीसंचासाठी लाकडी देवघर. संच स्वतः दोन बोटे जाड असतो आणि भिंतीवर टांगला जातो, तरी त्याच्याखाली दीड फूट खोलीचे कपाट लागतेच. या सर्वांची बेरीज पन्नास चौरस फुटांच्या पुढे जाते. शोकेसविषयी आम्ही बोलतच नाही. तीत ठेवलेल्या काचेच्या पेल्यांतून कोणी कधी पाणी प्यायल्याचे ऐकिवात नाही.

ज्या भावाने आपण सदनिका घेतली त्या चौरस फुटाच्या भावाने ३९ला गुणून पाहावे. पलंगाची खरी किंमत ती. दुकानदाराला दिलेले पैसे हा केवळ वरखर्च. मग पुस्तकांची नऊ इंच खोलीची फळी 'फार जागा खाते' अशी तक्रार कोणी केली, तर आम्ही त्या घरधन्याला त्याच्याच सोफ्यावर बसवून हा गुणाकार करायला सांगू.

मुळात हे सामान आपल्या घरांच्या मापाचे नाहीच. सरदारांच्या वाड्यांतले दिवाणखाने आणि साहेबांच्या बंगल्यांतल्या बैठकी यांतून ते आले. तेथे निजायला एक खोली, जेवायला दुसरी, बसायला तिसरी असा थाट होता. प्रत्येक कामाला स्वतंत्र दालन आणि प्रत्येक दालनाला स्वतंत्र सामान. खोल्या दोन झाल्या तरी सामानाची यादी मात्र सात खोल्यांचीच राहिली. मध्यमवर्गाचे जुने घर याच्या अगदी उलट तत्त्वावर चालत असे. तेथे खोली एक आणि कामे अनेक. सकाळी वळकट्या गुंडाळल्या की निजण्याची जागा बैठकीची होई. पाट मांडले की जेवणाची, ते उचलून सतरंजी पसरली की मुलांच्या अभ्यासाची, आणि रात्री पुन्हा गाद्या. सामानाने जागा अडवायची नाही, काम झाले की उभे राहायचे, भिंतीला टेकायचे किंवा वर जायचे, हा त्या घराचा नियम होता. भिंतीच्या जाडीत कोनाडे आणि फडताळे होती. कपड्यांना खुंट्या होत्या, वाळवणाला छताखालची दांडी होती, धान्याला उतरंड होती. आमच्या गुजराती शेजाऱ्यांच्या जुन्या घरांत भांड्यांसाठी उंचावर अभराई असे, आणि सौराष्ट्रात गोधड्या-रजयांची चळत रचण्यासाठी डामचियो नावाची खास मांडणी असे. त्या चळतीच्या उंचीवरून घराची ऐपत जोखीत. कारण त्या रजया घरच्या माणसांपुरत्या नसत, आल्यागेल्यासाठी असत. आजच्या घराची ऐपत सोफ्याच्या लांबीवरून जोखली जाते, आणि त्या सोफ्यावर आल्यागेल्याला पाठ टेकून निजताही येत नाही.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खराही आहे. जुन्या दाटीवाटीची आरती ओवाळू नका, असे कोणी म्हणेल. मुंबईत १९२०च्या दशकात बांधल्या गेलेल्या बी. डी. डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची होती आणि तीत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या एकत्र राहिल्या; त्यांच्यापैकी वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा कोणाही सहृदय माणसाला आनंदच झाला असेल. गरिबीने लादलेली सोय ही संस्कृती नव्हे. शिवाय त्या रोज बदलणाऱ्या घराचे ओझे कोण उचलत होते? वळकट्या, पाट, सतरंज्या, पुन्हा गाद्या, हा सारा उपद्व्याप घरातल्या स्त्रियांच्या कमरेवर चालत असे, आणि पलंग आला तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमचे म्हणणे इतकेच की जो निजला त्याने आपली गादी उचलावी, हा नियम घालणे सोपे होते. त्याऐवजी आपण गादी कायमची जमिनीला खिळवून टाकली.

दुसरा आक्षेप गुडघ्यांचा. वडीलधाऱ्यांना जमिनीवर बसवत नाही, हे आम्ही स्वतःच्या गुडघ्यांवरून जाणतो. परंतु त्यांना हवी असते ती सरळ पाठीची, हात टेकून उठता येईल अशी उंच बैठकीची खुर्ची. सोफा हा तर गुडघ्यांचा वैरी. खोल, बुटका, मऊ. त्यात रुतलेल्या आजोबांना बाहेर काढायला नातू लागतो. वेताच्या चार खुर्च्या आणि भिंतीकडेची एक अडीच-तीन फूट रुंदीची बैठक, जी दिवसा बसायला आणि रात्री निजायला चालते, एवढ्याने बाहेरच्या खोलीचे काम भागते. घडीच्या खुर्च्या खुंटीला टांगता येतात. आणि झोपाळ्याविरुद्ध आम्ही चकार शब्द काढणार नाही. तो जागा खातो हे खरे. पण त्यावर बसता येते, दुपारी लवंडता येते, मूल निजवता येते, आणि कार्य निघाले की कड्यांतून काढून उभा करून ठेवता येतो. जो गुजराती माणूस लहानशा सदनिकेतही झोपाळा सोडत नाही त्याला सामानाचे मर्म आपल्याहून अधिक कळले आहे.

खरी उधळपट्टी आणखी एका ठिकाणी होते, आणि तिच्याकडे या शास्त्राचे उपाध्याय सोयिस्करपणे काणाडोळा करतात, कारण ती त्यांच्याच सल्ल्याने होते. आपण घर विकत घेतो ते चौरस फुटांनी, पण राहतो घनफुटांत. संहितेप्रमाणे खोलीची उंची पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट असते. दाराची चौकट सात फुटांवर संपते. वरचे दोन फूट सबंध खोलीभर रिकामे असतात. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट. तुळई, वातानुकूलन-यंत्र, विजेच्या तारा यांच्यासाठी दहा फूट सोडले तरी ३४ फूट भिंत हाती उरते. दाराखिडक्यांच्या माथ्यावरून फिरणारी नऊ इंच रुंदीची एकच फळी तेथे बसवली, आणि मराठी पुस्तकाची सरासरी जाडी पाऊण इंच धरली, तर फुटाला सोळा याप्रमाणे पाचशेंहून अधिक पुस्तके तीवर मावतात. दोन फुटांत अशा दोन फळ्या एकावर एक बसतात. म्हणजे हजार पुस्तके, आणि जमिनीचा एक चौरस इंचही न गमावता. दर दोन-अडीच फुटांवर आधार द्यावा, नाही तर फळी वाकते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून बोटभर अंतर सोडावे. रोज लागणारी पुस्तके हाताशी आणि क्वचित लागणारी वर ठेवावीत. यापलीकडे त्यात काही विद्या नाही.

पण हे होत नाही. का होत नाही? तर छताखाली आणखी एक प्लास्टरचे खोटे छत टांगण्याची टूम निघाली आहे. खऱ्या छताला झाकून आठ-नऊ इंच खाली, मध्ये खाचा पाडून, खाचांत निळेजांभळे दिवे लावून. वरची फळी ज्या पोकळीत बसायची ती पोकळी त्या दिव्यांना दिली जाते. म्हणजे हिशेब सरळ आहे : एका खोट्या छताची किंमत पाचशे पुस्तके. आणि ही किंमत मोजून झाल्यावर तोच सजावटकार मालकांना सांगतो की पुस्तकांना जागा नाही, थोडी कमी करा.

बडोदेकरांनी तरी हे ऐकून घेऊ नये. १९१० साली सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणून राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवली. खेड्यापाड्यांना पुस्तके गेली ती लाकडी पेट्यांतून. पेटी हेच कपाट आणि पेटी हेच वाहन. आणि येथील मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या पाहाव्यात. उंचीचा उपयोग कसा करावा आणि मधल्या मजल्यांची जमीन काचेची करून खाली उजेड कसा पोचवावा, हे तेथे शिकायला मिळते. ज्या गावात हे आहे त्या गावातल्या लोकांना पुस्तकांसाठी जागा सापडत नाही, हे ऐकून आम्हांला हसावे की रडावे ते कळत नाही.

आता मूळ मंत्राकडे वळू. 'टाका' हा उपदेश अलीकडे जपानच्या नावावर खपतो. मारी कोंडो या विदुषींचा ग्रंथ जपानीत २०१० साली निघाला, इंग्रजीत २०१४ साली आला आणि २०१९ साली त्याचे दूरदर्शन-रूप घरोघर पोचले. वस्तू हातात घ्या. अंतःकरणात आनंदाची लहर उठली तर ठेवा, नाही तर आभार मानून निरोप द्या, असा त्यांचा दंडक. आपल्यापुरती तीसेक पुस्तके पुरतात, असेही त्या सांगतात. त्यांच्या देशात त्यांना ते लखलाभ असो. परंतु जपानकडून घ्यायचेच होते तर आपण अर्धवट का घेतले? जुन्या जपानी घराची खोली तातामी चटयांनी मोजतात. चटई साधारण तीन बाय सहा फुटांची, आणि साडेचार चटयांची खोली म्हणजे नऊ बाय नऊ. त्या खोलीत पलंग नसे. रात्री गादी पसरायची, सकाळी घडी करून भिंतीतल्या कपाटात सारायची. म्हणजे आपल्या वळकटीचीच सख्खी बहीण. आपण ती गादी घेतली नाही, ते भिंतीतले कपाट घेतले नाही, ती मोकळी जमीन घेतली नाही. घेतला तो फक्त कचऱ्याचा डबा.

आणि आनंदाच्या लहरीचा तो निकष! केतकरांच्या ज्ञानकोशाचा खंड हाती घेऊन कोणाच्या अंतःकरणात लहर उठत असेल असे आम्हांला वाटत नाही. मनगट मात्र दुखते. पण एखादी शंका आली की तोच खंड लागतो. वर्षभराच्या नियमाचेही तसेच. त्याला बिचाऱ्याला अधिक महिना ठाऊक नाही. तो येतो बत्तीस-तेहतीस महिन्यांनी, आणि जावयाच्या अनारशांचे वाण द्यायला ताम्हन लागते तेव्हा ते तीन वर्षे माळ्यावर निजलेले असते. शेवयांचा साचा, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या ही सारी वर्षातून एकदा-दोनदा उठणारी माणसे आहेत. त्यांचे दिवस मोजणारे कालपत्रक परदेशातून आणून चालणार नाही. शिवाय अडगळ ठरवणाऱ्याची दृष्टी किती भरवशाची? चंदीगड वसले तेव्हा तेथल्या कचेऱ्यांसाठी प्येर जानरे यांच्या देखरेखीखाली सागवान आणि वेताच्या खुर्च्या घडवल्या गेल्या. पुढे सरकारी माणसांनी त्या अडगळ म्हणून मोडीत काढल्या, आणि त्याच खुर्च्या परदेशी लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या.

तरीही कोणी विचारील : ज्ञानकोश आणि विश्वकोश आता संगणकावर वाचता येतात, मग घरात खंड कशाला? हा प्रश्न रास्त आहे. ज्यांना जागेची खरोखरच चणचण आहे त्यांनी ते खंड एखाद्या ग्रंथालयाला द्यावेत. आमची हरकत नाही. छापील सर्व काही पूज्य असते असेही आम्ही मानीत नाही. आमची काळजी निराळ्या कागदांची आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत, त्या पलंगाखालच्या ट्रंकांत, असे बरेच काही असते जे कोणत्याही संगणकावर नाही. येथल्या गणेशोत्सवांच्या स्मरणिका, हौशी मंडळींनी बसवलेल्या एकांकिकांच्या हस्तलिखित प्रती, तीन-चार वर्षे चालून बंद पडलेल्या मासिकांचे अंक, मंडळांचे जमाखर्च, एखाद्या शाळेच्या हस्तलिखिताची वही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांकडे हे गेले नाही, कारण पाठवायचे कोणाला सुचले नाही. बडोद्यात २०१८ साली ९१वे साहित्य संमेलन भरले त्याची नोंद राहील. त्याच्या आधी शंभर वर्षे गल्लोगल्ली जे मराठी जगणे चालले होते त्याची नोंद या ट्रंकांतच आहे. पुण्यात एखादे पुस्तक रद्दीत गेले तर त्याची दुसरी प्रत कोठे तरी निघते. इंदूरला, हैदराबादेला, बडोद्याला रद्दीत गेलेला अंक कित्येकदा शेवटचाच असतो, आणि रद्दीवाल्याच्या तराजूत तो बाकीच्या कागदांच्याच भावाने जातो.

ही रद्दी केव्हा निघते तेही सांगण्यासारखे आहे. घरातले वाचणारे माणूस गेल्यावर निघते. मुलगा मराठी बोलतो पण वाचत नाही, सून दुसऱ्या भाषेची, नातवंडे इंग्रजी शाळेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना अक्षरच लागत नाही तर मोल कोठून कळणार? दिवसकार्ये आटोपतात, सजावटकार येतो, खोलीची मापे घेतो, आणि ट्रंकेच्या जागी पेटीपलंग येतो. हा पेटीपलंग म्हणजे अडगळीचा कळस. वर दोन माणसे निजतात आणि खाली घरातल्या सगळ्या रजया, उशा, पाहुण्यांच्या गाद्या कोंडलेल्या असतात. रात्री दहाला पाहुणा आला तर एक रजई काढण्यासाठी निजलेल्या दोघांना उठवावे लागते, गादी उभी करावी लागते, फळी उचलून डोक्यावर धरावी लागते. हा सोहळा एकदा पाहिलेला पाहुणा पुढच्या खेपेला हॉटेलात उतरतो.

पाहुण्याचा विषय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण बाहेरच्या मराठी माणसाला तो सर्वांत अधिक लागणारा आहे. १९४९ साली येथे सयाजीराव विद्यापीठ निघाले, तेव्हापासून शिकायला येणारी मुले कोणाच्या ना कोणाच्या घरी पहिले चार दिवस, चार आठवडे उतरली आहेत. मुलाखतीला आलेला भाचा, उपचारासाठी आलेली मावशी, नाटकाच्या चमूतली चार माणसे. ही सगळी दोन खोल्यांच्या घरांत सामावत होती, कारण जमीन मोकळी होती आणि सतरंजी लांब होती. दहा बाय बाराच्या मोकळ्या जमिनीवर पाच माणसे सुखाने निजतात. सोफासेट ठेवलेल्या त्याच खोलीत एक निजतो, तोही पाय दुमडून. गाव सोडून दूर राहणाऱ्यांची भाषा टिकते ती अशा राहत्या पाहुण्यांमुळे. सकाळच्या चहाबरोबर घरात एक नवा मराठी आवाज येतो, गावाकडची एखादी म्हण येते, नातवाला कोणी तरी मराठीत रागावते. मंडळाच्या वार्षिक भाषणांनी हे काम होत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या दिवाळीआधी आवराआवर निघणार आहे त्यांना आमची विनंती आहे. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ट्रंक उघडा. मराठी वाचता येणारे एखादे वडीलधारे माणूस शेजारी बसवा. छापील पुस्तके एकीकडे, हस्तलिखिते दुसरीकडे, स्मरणिका आणि अंक सालवारीने तिसरीकडे लावा. ज्यावर गावाचे किंवा मंडळाचे नाव असेल तो एकही कागद न विचारता टाकू नका. आणि यादी करून आपल्या गावच्या मराठी संस्थेला किंवा ग्रंथालयाला कळवा. या कामाला एक पुरता दिवस लागतो आणि कागद पसरायला निदान पन्नास चौरस फूट मोकळी जमीन लागते. ती बहुतेक घरांत आधी सोफा जिन्यात नेऊन ठेवल्याशिवाय मिळणार नाही.